टोमॅटो परतावा की कच्चाच खावा?

परतला की टोमॅटोतलं सत्त्व गेलं, असं म्हणणारं कुणीतरी घरोघरी असतं. ते निम्मंच खरं! अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात टोमॅटो ८८ अंशांना अर्धा तास तापवले. २००२ साली निष्कर्ष आले. क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं होतं, पण हाती लागणारं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं गुणी द्रव्य, तब्बल १६४ टक्क्यांनी वाढलं होतं. आचेनं पेशी फुटतात आणि आत अडकलेलं लायकोपीन मोकळं होतं.

घटलेल्या क जीवनसत्त्वाची चिंता जालनेकरांनी तरी करू नये. भौगोलिक मानांकन मिळवलेली मोसंबी दारातच आहे.

लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, त्याला तेल-तूप लागतं. टोमॅटोच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट आणि वरून चरचरीत फोडणी घालणाऱ्या आपल्या आज्यांना मी म्हणूनच शंभर गुण देते. तेलाला घाबरून कोरड्या फोडी खाणाऱ्यांच्या अंगी यातलं फारच थोडं लागतं.

पोलादी सळया बनवणाऱ्या जालन्यात लोखंडी कढई तर हवीच. टोमॅटोच्या आंबटपणानं कढईतलं लोह रश्शात उतरतं. बाजरीच्या भाकरीसोबत मात्र कच्ची फोड घ्या; तिच्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं.

मे महिन्यात बाजारातला टोमॅटो पिवळट का दिसतो? पारा ३०-३२ अंशांवर गेला की फळात लायकोपीन बनणं मंदावतं, केशरी कॅरोटीन मात्र बनत राहतं. जालन्याचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. रश्शासाठी लालभडक फळं हवीत तर हिवाळ्यात घ्या.

साल सोलू नका, लायकोपीन तिथेच दाट असतं. बियांभोवतीचा बुळबुळीत गरही टाकू नका. चव खुलवणारं ग्लुटामेट मांसल भागापेक्षा त्यात जास्त, म्हणून रश्शाची खरी चव त्याच्यात.

बियाणं करणाऱ्यांना मात्र हाच गर नकोसा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि हा मुलूख बियाण्यांचा झाला. जाफराबादकडे शेडनेटखाली संकरित भाजीपाल्याचं बियाणं पिकतं. टोमॅटोचं बी काढायचं तर लगदा आंबवून गर सोडवतात आणि बी धुऊन वाळवतात, कारण बी फळातच उगवू नये याची काळजी हा गर घेत असतो.