सात्मीकरण, स्थलांतरित समाजांचे

एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाऊन तेथे कायमची वस्ती करणारा समाज तेथील समाजाची भाषा, चालीरीती, मूल्ये व सामाजिक संबंध हळूहळू स्वीकारून त्याच्याशी एकरूप होतो, त्या प्रक्रियेस सात्मीकरण असे म्हणतात. ही प्रक्रिया द्विपक्षी आहे. आलेल्या समाजाने केवळ भाषा व पोशाख उचलून ती पूर्ण होत नाही. यजमान समाजानेही त्याला आपल्या वस्तीत, संस्थांत आणि अखेरीस आप्तसंबंधांत स्थान द्यावे लागते. पुरेसा काळ लोटला की असे सात्मीकरण आपोआप घडून येते काय, हा समाजशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. महाराष्ट्रात बाहेरून आलेले आणि महाराष्ट्रातून बाहेर गेलेले समाज अनेक असल्याने या प्रश्नाचा विचार करण्यास येथे विपुल सामग्री उपलब्ध आहे.

उपपत्ती : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत यूरोपीय देशांतून फार मोठ्या संख्येने लोक येत होते. त्यांच्यासंबंधीच्या विचारातून सात्मीकरणाची पहिली पद्धतशीर मांडणी झाली. इझ्राएल झँगविल यांच्या १९०८ मधील नाटकाच्या शीर्षकामुळे अमेरिका ही सर्व जातिजमातींना वितळवून एकजीव करणारी मूस आहे, ही कल्पना रूढ झाली. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट पार्क व अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पर्धा, संघर्ष, समायोजन व सात्मीकरण अशा सामाजिक प्रक्रिया विशद केल्या. पुढे पार्क यांनी संपर्कापासून सात्मीकरणापर्यंतचा क्रम बहुधा अटळ असल्याचे प्रतिपादन केले. मूस ही उपमा सर्वांनाच मान्य नव्हती. होरेस कॅलन यांनी १९१५ मध्येच सांस्कृतिक बहुविधतेचा पुरस्कार केला होता, तर नेथन ग्लेझर व डॅन्येल मॉयनिहन यांनी न्यूयॉर्क शहरातील वांशिक गटांच्या अभ्यासात (१९६३) हे गट भाषा बदलल्यानंतरही टिकून राहतात, असे दाखविले.

मिल्टन गॉर्डन यांनी १९६४ मध्ये केलेला भेद या संदर्भात विशेष उपयुक्त आहे. भाषा, वेष, आहार व रीतिरिवाज यांचा स्वीकार म्हणजे सांस्कृतिक सात्मीकरण. यजमान समाजाच्या मंडळांत, संस्थांत व निकटच्या मैत्रीसंबंधांत प्रवेश म्हणजे संरचनात्मक सात्मीकरण. पहिले झाले म्हणजे दुसरे होईलच, असे नाही. मात्र दुसरे झाले की आंतरविवाहादी उर्वरित टप्पे बहुधा त्यामागून येतात. आलेहांद्रो पोर्तेस व मिन झोऊ यांनी १९९३ मध्ये या विचारात आणखी भर घातली. स्थलांतरितांची दुसरी पिढी यजमान समाजाच्या कोणत्या थरात मिसळते, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे आहे.

बेने इस्राएल : या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात पुरुष व सात स्त्रिया हे होत. या घटनेचा काळ निश्चित नाही. कोकणच्या गावांत तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. त्यांनी मराठी ही मातृभाषा म्हणून स्वीकारली आणि किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर यांसारखी गावांवरून पडलेली आडनावे घेतली. विवाहित स्त्रिया मंगळसूत्र घालीत, गोमांस वर्ज्य मानले जाई आणि विधवाविवाहास नापसंती असे. तथापि सुंता, शब्बाथ, आहारविषयक निर्बंध व ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. विवाहही समाजातच होत राहिले.

येथे सांस्कृतिक सात्मीकरण जवळजवळ पूर्ण झाले, परंतु संरचनात्मक सात्मीकरण झाले नाही. याचे एक कारण यजमान समाजाच्या रचनेत आहे. जातींनी बनलेल्या कोकणच्या ग्रामव्यवस्थेत नव्याने आलेल्या गटाला विरून जाण्याची आवश्यकता नव्हती. व्यवसाय, नाव व विवाहाची मर्यादा असलेला आणखी एक गट म्हणून त्याला गावात जागा मिळत असे. जी व्यवस्था वेगळेपण मान्य करीत होती, तीच मिसळण्याला मर्यादाही घालीत होती. बेने इस्राएलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ असे पोटभेद पडले व त्यांच्यात रोटीबेटीव्यवहार होत नसे, यावरून यजमान समाजाची रचना स्थलांतरित समाजात कितपत उतरते, हे दिसून येते.

मुंबईत आल्यानंतर या प्रक्रियेला वेगळे वळण लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी (सॅम्युएल इझिकेल) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनॅगॉग बांधले. कोचीनच्या ज्यूंचा संपर्क, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आणि जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण यांमुळे समाजाला आपल्या धर्मग्रंथांचा नव्याने परिचय झाला. वल्हांडण सणाचा विधिग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. म्हणजे आधुनिक शिक्षणाने हा समाज एकीकडे शहरी मराठी जीवनात अधिक शिरला, तर दुसरीकडे त्याची ज्यू म्हणून असलेली जाणीव अधिक स्पष्ट झाली. याच शहरातील बगदादी ज्यूंनी मात्र इंग्रजी भाषा व रीती जवळ केल्या आणि बेने इस्राएलांपासून अंतर राखले. एकाच धर्माच्या दोन समाजांनी एकाच शहरात वेगवेगळ्या वर्गांशी जुळवून घेतल्याचे हे उदाहरण होय.

इस्राएलची १९४८ मध्ये स्थापना झाल्यानंतर बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे गेले आणि लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इ. गावांत स्थायिक झाले. ज्यांच्याशी धर्माने ते एक होते, त्या समाजातही त्यांचा प्रवेश सुकर झाला नाही. तेथील प्रमुख धर्मपीठाने १९६२ मध्ये बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले व १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांच्या समान दर्जाचा पुरस्कार केल्यानंतर त्या निर्देशांतील या समाजाचा नामनिर्देश काढून टाकण्यात आला. कोकणात जे ज्यू म्हणून वेगळे होते, ते तेथे मराठी म्हणून वेगळे ठरले. पुढील पिढीची भाषा हिब्रू झाली. तथापि एलिया संदेष्ट्याच्या नावे होणारा ‘मलिदा’ हा कोकणातील विधी तेथेही चालू राहिला. महाराष्ट्रात आता काही हजारच बेने इस्राएल उरले असून २०१६ मध्ये राज्य शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. [⟶ ज्यू].

पारशी व सिंधी : इराणमधून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या पारशी समाजाने गुजराती भाषा व स्त्रियांसाठी साडी यांचा स्वीकार केला, परंतु धर्म व विवाह यांची सीमा कडकपणे पाळली. मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिलेल्या एका निर्णयात पारशी पित्याच्या व परकीय मातेच्या अपत्यांना पारशी मानण्यात आले. पारशी मातेच्या अपत्यांबाबतचा वाद त्यानंतरही चालू राहिला. या समाजाची भारतातील संख्या १९४१ मध्ये सु. १ लक्ष १४ हजार होती, ती २०११ मध्ये ५७,२६४ झाली. उद्योग, शिक्षण व सार्वजनिक जीवन यांत पूर्णपणे सामावलेला समाजही विवाहाच्या बाबतीत वेगळा राहू शकतो आणि त्या वेगळेपणाची किंमत त्याला संख्येच्या रूपाने द्यावी लागते, असे यावरून दिसते.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा अनुभव निराळा आहे. कल्याणजवळील लष्करी छावण्यांत त्यांची वस्ती झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाशिकजवळील देवळाली येथेही निर्वासितांची छावणी होती. सिंधी भाषेला भारतात स्वतःचा प्रांत नव्हता. ती अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, याबद्दलही मतभेद होते. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा १९६७ मध्ये समावेश झाला, तरी तरुण पिढी व्यवहारात मुख्यतः हिंदीकडे वळली. भाषा क्षीण झाली, परंतु व्यापारातील परस्परसाहाय्य, पंचायती व दरबार या संस्थांनी समाजाचे ऐक्य टिकविले. यजमान प्रदेशाची भाषा मराठी असूनही नवी भाषा म्हणून हिंदीचा प्रभाव पडला, ही गोष्टही लक्षणीय आहे. स्थलांतरित समाज नेहमी बहुसंख्याकांचीच भाषा उचलतो असे नाही. बाजारपेठ, शाळा व नोकरी यांत जी भाषा उपयोगी पडते, ती तो उचलतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी समाज : व्यंकोजी भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरची सत्ता घेतल्यानंतर अधिकारी, सैनिक, पंडित व कीर्तनकार यांची कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात वसली. येथे स्थलांतरित समाज राज्यकर्ता होता, तरीही त्याने स्थानिक संस्कृतीवर आपली संस्कृती लादली नाही. पहिल्या शाहजीने (कार. १६८४–१७१२) मराठीबरोबरच तेलुगूतही रचना केल्या. दुसऱ्या सरफोजीने (कार. १७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि त्याच्याच कारकीर्दीत बृहदीश्वर मंदिरात भोसले वंशाचा दीर्घ मराठी शिलालेख कोरविण्यात आला (१८०३). मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तमिळ प्रदेशातील हरिकथेला नवे रूप आले. १८५५ मध्ये शेवटचा राजा दुसरा शिवाजी वारला व राज्य इंग्रजांनी खालसा केले. राजाश्रय गेल्यावर मोडी लिपीतील व्यवहार थांबला, शिक्षण तमिळ व इंग्रजीतून होऊ लागले आणि मराठी ही घरातील भाषा उरली. तंजावर मराठी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बोलीत काही जुनी मराठी रूपे टिकली असून तमिळ शब्द व वाक्यप्रयोग मोठ्या प्रमाणावर मिसळले आहेत. सुमारे साडेतीन शतकांनंतरही ती काही कुटुंबांत बोलली जाते, याचे प्रमुख कारण समाजांतर्गत विवाह हे होय. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव (१८२८–९१) याच समाजातील होते.

मॉरिशसमध्ये गेलेले मराठी लोक सत्ताधारी नव्हते, तर करारबद्ध मजूर होते. त्या बेटावर १८३४ पासून भारतीय मजूर आणण्यात येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकण व घाटमाथ्यावरील लोकही होते. उसाच्या मळ्यांवर क्रिओल व भोजपुरी या संपर्कभाषा असल्याने मराठी बोली घरातून हळूहळू मागे पडली. येथे भाषा लोपल्यानंतरही ओळख टिकली. गणेशोत्सव, कोकणातील जाखडी नृत्यापासून आलेली ‘झाकरी’ गीते व मराठी मंडळ्या यांनी ती जपली. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकविण्यास शासनाचा आश्रय मिळाला व गणेशचतुर्थी ही सार्वजनिक सुटी झाली. तंजावरमध्ये जी भाषा विवाहसंबंधांनी घरात तगली, ती मॉरिशसमध्ये घराबाहेर, शाळा व उत्सव यांच्या आधाराने पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न झाला.

औद्योगिक वसाहतींतील सात्मीकरण : सात्मीकरणाचा प्रश्न देशांतर्गत स्थलांतरातही उद्भवतो. नाशिकजवळील एकलहरे हे याचे लहान पण बोलके उदाहरण आहे. गोदावरीकाठच्या या शेतीप्रधान गावी औष्णिक विद्युत् केंद्र उभारण्यात आले. प्रत्येकी १४० मेगॅवॉट क्षमतेचे दोन संच १९७०-७१ मध्ये व प्रत्येकी २१० मेगॅवॉटचे तीन संच १९७९–८१ या काळात कार्यान्वित झाले. पहिले दोन संच पुढे बंद करण्यात आले. वीज मंडळाची सेवा राज्यव्यापी व बदलीची असल्याने अशा केंद्राच्या वसाहतीत वऱ्हाडी, अहिराणी इ. बोली बोलणारी कुटुंबे शेजारी येतात, तर कंत्राटी कामांच्या निमित्ताने परप्रांतीय मजूर गावाच्या आसपास राहतात. पहिल्या गटाच्या मुलांना समान शाळा, क्रीडांगण व गणेशोत्सव मिळतो आणि त्यांची बोली एका पिढीत प्रमाण मराठीकडे झुकते. दुसऱ्या गटाला निवास व नोकरी यांचे स्थैर्य नसल्याने मुलांची शाळा वारंवार बदलते आणि त्याचा यजमान समाजाशी संबंध मजुरी व किराणा यांपुरता राहतो. दोन्ही गटांचे वास्तव्य सारखेच दीर्घ असले, तरी परिणाम वेगळा होतो. वसाहतीतील कुटुंबेही विवाहासाठी बहुधा मूळ गाव व जात यांकडेच वळतात.

निष्कर्ष : वरील उदाहरणांवरून असे दिसते, की केवळ कालावधी हा सात्मीकरणाचा निर्णायक घटक नाही. आहार, वेष व भाषा ही बाह्य अंगे प्रथम बदलतात. धर्मविधी व विवाह सर्वांत उशिरा बदलतात किंवा बदलतही नाहीत. गटाची संख्या, स्त्रीपुरुषांचे प्रमाण, वस्ती एकत्र आहे की विखुरलेली, मूळ प्रदेशाशी असलेला संपर्क, उपजीविकेचे स्थैर्य व शासनाचे धोरण यांवर प्रक्रियेची गती अवलंबून असते. यजमान समाजाची स्वीकारशीलता हा यांतील सर्वांत महत्त्वाचा घटक होय, कारण स्थलांतरितांनी भाषा शिकणे त्यांच्या हाती असते, परंतु शेजार व सोयरीक मिळणे हे इतरांच्या हाती असते.

याच कारणाने अनेक देशांनी पूर्ण एकरूपतेऐवजी एकात्मतेचे ध्येय स्वीकारले आहे. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले. भारतीय राज्यघटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाने स्वतःची भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला असून १९५६ मध्ये समाविष्ट झालेल्या ३५०-क या अनुच्छेदान्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचा निर्देश राज्यांना आहे. स्थलांतरितांचे वेगळेपण हे त्यांच्या निष्ठेच्या अभावाचे लक्षण समजले गेल्यास संघर्ष निर्माण होतो. शतकानुशतके मराठी बोलत आपला शब्बाथ पाळणारे बेने इस्राएल आणि तमिळ बोलत घरात मराठी जपणारे तंजावरकर यांच्या इतिहासावरून, वेगळेपण व आपलेपणा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे स्पष्ट होते.