कोळंबीचें टरफल आणि देहांतील चरबी

कोळंबी सोलून झाली म्हणजे तिचें डोकें व टरफल टाकून देतात. मुंबईच्या ससून डॉकवर सोलणाऱ्या स्त्रियांच्या पुढ्यांत अशा टरफलांचे ढीग सांचतात. ह्याच टाकाऊ जिनसेपासून काढलेली एक पांढुरकी भुकटी कॅप्सुलांत भरून जगभर विकली जाते. तिचें नांव कायटोसान. ती अन्नांतील चरबी शोषून घेते, वजन उतरविते आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी करते, असें विक्रेते सांगतात. ह्या सांगण्यांत तथ्य किती, हें पाहण्यापूर्वीं त्या भुकटीचा मूळ वृत्तांत ध्यानीं घेतला पाहिजे.

फ्रेंच रसायनज्ञ ब्राकोनो ह्यास १८११ सालीं अळंब्यांत एक सहजासहजीं न विरघळणारा पदार्थ आढळला. १८२३ सालीं ओदिए ह्यास तसाच पदार्थ कीटकांच्या कवचांत सांपडला. अंगरखा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यानें त्यास कायटिन म्हटलें. पुढें १८५९ सालीं रूजे ह्यानें कायटिन तीव्र क्षारांत उकळलें, तेव्हां तें सौम्य आम्लांत विरघळूं लागलें. ह्या बदललेल्या पदार्थास होप्पे-सायलर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९४ सालीं कायटोसान हें नांव दिलें.

आजच्या कारखान्यांतील रीत ह्याहून फारशी वेगळी नाहीं. टरफलें सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत ठेवलीं म्हणजे त्यांतील चुना निघून जातो, व सौम्य कॉस्टिक सोड्यानें प्रथिनें निघून जातात. उरतें तें कायटिन. तें तीव्र व ऊन कॉस्टिक सोड्यांत शिजविलें कीं कायटोसान तयार होतें. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें ही कृति आपल्याकडील कोळंबीच्या टरफलांसाठीं बसविली आहे.

कापसांतील सेल्युलोजप्रमाणें कायटोसान हीहि शर्करेच्या घटकांची एक लांब सांखळी होय. मनुष्याच्या पाचकरसांनीं ती फारशी पचत नाहीं, म्हणून तिची गणना अन्नांतील तंतूंत होते. परंतु तिचा एक विशेष आहे. आम्लांत तिच्यावर धन विद्युत्भार येतो. स्निग्धाम्लें व पित्ताम्लें ह्यांवर ऋण भार असतो, आणि विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. जठराच्या आम्लांत विरघळलेलें कायटोसान आंतड्यांत आम्लता कमी होतांच खळीसारखें गोठतें व चरबीस आणि पित्तास आपल्याबरोबर बाहेर नेतें, अशी ही कल्पना आहे. गेलेलें पित्त भरून काढण्यास यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावें लागतें, म्हणून रक्तांतील कोलेस्टेरॉलहि उतरावें. काचेच्या भांड्यांत हा प्रयोग चांगला साधतो.

प्रश्न आहे तो प्रमाणाचा. २००५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील एक परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत १२ पुरुष व १२ स्त्रिया होत्या. पुरुषांच्या मलावाटे दिवसास सरासरी १.८ ग्रॅम चरबी अधिक गेली. स्त्रियांच्या बाबतींत कांहींच फरक पडला नाहीं. १ ग्रॅम चरबींत ९ कॅलरी धरल्यास ही बचत सुमारें १६ कॅलरींची, म्हणजे चहांतील एका चमचा साखरेइतकी झाली. देहांतील १ किलो चरबी सुमारें ७,७०० कॅलरींची असते. ह्या गतीनें ती झडण्यास सव्वा वर्षाहून अधिक काळ लागेल!

मोठ्या परीक्षणांचा निर्णयहि असाच आहे. न्यूझीलंडमध्यें २५० स्थूल व्यक्तींवर २४ आठवडे प्रयोग झाला. रोज ३ ग्रॅम कायटोसान घेणाऱ्यांचें वजन सरासरी ०.४ किलोनें घटलें, निःसत्त्व गोळी घेणाऱ्यांचें ०.२ किलोनें वाढलें. २००८ सालीं कॉक्रेन संस्थेनें १५ परीक्षणें एकत्र तपासलीं. त्यांत एकूण १,२१९ माणसें होतीं. वजनांत १.७ किलो व कोलेस्टेरॉलमध्यें दर डेसिलिटर रक्तामागें सुमारें ८ मिलिग्रॅम एवढा फरक दिसला. परंतु परीक्षण जितकें काटेकोर, तितका तो लहान होत गेला. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०११ सालीं वजनासंबंधींचा दावा नाकारला. रोज ३ ग्रॅमनें कोलेस्टेरॉल योग्य मर्यादेंत राखण्यास साहाय्य होतें, एवढें मात्र तिनें मान्य केलें.

यास्तव कायटोसान ही शुद्ध लबाडी नव्हे, आणि रामबाण तर नव्हेच. रक्तस्राव थांबविणाऱ्या पट्ट्यांत त्याच धन भाराचा उत्तम उपयोग होतो. तेथें काम जखमेपुरतें असतें. येथें तें रोजच्या ताटाशीं असतें. खरा धोका आहे तो कॅप्सुलीच्या भरंवशावर वैद्यानें दिलेलें औषध सोडण्यांत. स्टॅटिन औषधांनीं घातक कोलेस्टेरॉल बहुधा एकतृतीयांशानें वा अधिकहि उतरतें. त्यांची जागा ही भुकटी घेऊं शकत नाहीं. कोळंबी-खेकडे ज्यांस बाधतात त्यांनीं तिच्यापासून दूर राहावें. रक्त न गोठावें म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्याविना ती घेऊं नये. शाकाहारी मनुष्यानें वेष्टनावरील मजकूर वाचावा, कारण बुरशीपासून केलेलें कायटोसानहि मिळतें. आणि ज्यास वजन खरोखर उतरवावयाचें आहे, त्यानें आधीं चहांतील तो एक चमचा कमी करावा. त्यास किंमत पडत नाहीं.