कामासाठी जुनी स्टेशन वॅगन घेताय? आधी टेप घ्या!

कॅमेरा-लाइट्स, साऊंडचे स्पीकर, केटरिंगची भांडी, इलेक्ट्रिशियनची शिडी... हे सगळं रोज रिक्षात टाकून नेणाऱ्यांसाठी आजचा भाग. बजेट कमी, पण गाडी हवीच. मग घ्यायची कोणती?

स्टेशन वॅगन म्हणजे डिकी आणि केबिन एकच असलेली लांब गाडी. मागची सीट पाडली की सपाट जागा मिळते. आपल्याकडे अशा गाड्या आल्या, पण फार चालल्या नाहीत. मारुतीची बलेनो अल्ट्युरा, २००४ ची टाटा इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. आज त्या स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. पण मागची काच किंवा टेललाइट फुटली तर पार्ट शोधत फिरावं लागतं, आणि तितके दिवस धंदा बंद. शौक म्हणून घ्या, पोटापाण्यासाठी मी तरी घेणार नाही.

मग तेच काम करणारी गाडी कोणती? माझी उत्तरं दोन. ईको: सरकते दरवाजे, साधं मशीन, जवळपास कुठल्याही गॅरेजला माहीत. एर्टिगा: तिसरी रांग पाडली की भरपूर जागा, आणि क्लायंटला घेऊन जायलाही बरी. सीएनजी असेल तर सिलिंडर किती जागा खातो ते बघा, आणि त्याची हायड्रो टेस्ट झाल्याचा कागद मागा. ती दर तीन वर्षांनी लागते.

आता टेप काढा. तुमचं सगळ्यात लांब सामान मोजा. गाडीत रुंदी मोजताना मागच्या दोन चाकांच्या उंचवट्यांमधली मोजा, कारण सामान तिथेच अडतं.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. स्टेपनीखालचा पत्रा बघा, कोकणातली गाडी असेल तर नक्कीच. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि टेस्ट ड्राइव्ह सामान भरून घ्या. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते.

कागदपत्रांत घाई नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ भरून उतरवायला लावा, नाहीतर हप्ते त्याचे थकतील आणि गाडी तुमची जाईल. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत नाव बदला. इन्शुरन्स चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त वाटते, पण तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तेव्हा किती वर्षं उरलीत तेही बघा.

अजून एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीत स्वतःचं सामान न्या. भाडं घेऊन दुसऱ्याचा माल वाहायचा असेल तर पिवळी पाटी लागते.

सगळे पैसे गाडीत घालू नका. सर्व्हिस, बॅटरी, टायर यांसाठी थोडे बाजूला ठेवा. आणि सौदा ठरण्याआधी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये तुमचा अख्खा सीझन वाचवू शकतात.

गाडी घेणाऱ्या मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!