वळिवड्याचा पोलंड आणि १९४५ साल

आमच्या विष्णुपुरीला १७ सप्टेंबर दुहेरी साजरा होतो. एक तर तो मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. शिवाय स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे इथले विद्यापीठ १९९४ साली ह्याच दिवशी स्थापन झाले. मी ज्या लहानशा महाविद्यालयात मराठी शिकवतो तेथेही सकाळी झेंडावंदन असते. कार्यालयाशेजारी एक काळा फळा आहे आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम बी. ए.च्या एका विद्यार्थ्याने आपणहून पत्करले आहे. गेल्या वर्षी त्या दिवशी त्याने वर ठळक अक्षरांत ‘१९४८ : मराठवाडा मुक्त झाला’ असे लिहिले आणि खाली, जरा बारीक अक्षरांत, ‘१९३९ : सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये शिरले’ अशी दुसरी ओळ घातली.

आमच्यातल्या एका प्राध्यापकांना ते रुचले नाही. ‘आपल्या सणाच्या दिवशी हे पोलंड कशाला? पुसून टाक ती ओळ,’ असे ते म्हणाले. मुलाने माझ्याकडे पाहिले.

‘राहू देऊ का, सर?’

‘राहू दे,’ मी म्हणालो. पण का राहू दे, हे मला त्या वेळी धड सांगता आले नाही. इतिहास हा माझा विषय नव्हे. पुढे काही महिने मिळेल ते वाचत गेलो, त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. (एक खुलासा आधीच केलेला बरा. हैदराबादवरच्या कारवाईचे ‘ऑपरेशन पोलो’ हे नाव आणि पोलंड यांचा काडीचाही संबंध नाही. माझ्या वर्गात दोघांनी तो मोठ्या आत्मविश्वासाने जोडून दाखवला होता!)

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला, हे आपण शाळेत शिकतो. सतराव्या दिवशी पूर्वेकडून रशिया शिरला, हे सहसा शिकत नाही. त्या पहाटे मॉस्कोतील पोलिश राजदूताला झोपेतून बोलावून घेऊन एक खलिता वाचून दाखवण्यात आला. पोलंडचे राज्य आता अस्तित्वातच उरलेले नाही, तेव्हा त्याच्याशी केलेले करारही उरले नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. राजदूताने तो खलिता स्वीकारण्यास नकार दिला. त्याने काय होणार? १० फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडातली कुटुंबेच्या कुटुंबे जनावरांच्या डब्यांत भरून सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे रवाना होऊ लागली. एप्रिलमध्ये जी दुसरी लाट निघाली, तीत रशियाच्या कैदेत असलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या बायकामुलांचा भरणा होता. ते अधिकारी त्याच सुमारास काटिनच्या जंगलात आणि इतरत्र गोळ्या घालून मारले जात होते, याची त्या बायकांना गंधवार्ता नव्हती.

१९४१ साली हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टॅलिनला पोलिश लोकांची गरज पडली आणि कैदी सुटले. जनरल आंदेर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले. १९४२ साली त्या सैन्याबरोबर बायकामुले धरून एक लाखाहून अधिक माणसे इराणात उतरली. त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून कराचीमार्गे आली ती थेट आपल्या कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या परिसरात, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरच्या वळिवडे गावी. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. वळिवड्याची वस्ती त्याहून कितीतरी मोठी होती, पण तिचे नाव मागे पडले.

छावणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी तारा आणि रांगेतले भांडे येते. वळिवड्याला तसे नव्हते. बराकींच्या सरळ ओळी, त्यांच्यापुढे हौसेने लावलेली फुलझाडे, चर्च, इस्पितळ, प्राथमिक शाळा आणि माध्यमिकही, बालवीरांची पथके, नाटकमंडळी असा सगळा संसार तेथे होता. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’ म्हणजे ‘भारतातला पोल’ ह्या नावाचे त्यांचे पत्र निघत असे. छावणीचा कारभार पोलिश लोकच पाहत आणि त्यांच्यावर सत्ता होती ती लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या त्यांच्या सरकारची. थोडक्यात, कोल्हापूर संस्थानात एक लहानसा पोलंड वसला होता आणि त्याचा वर्षाचा क्रमही पोलंडचाच होता. ३ मे हा त्यांच्या १७९१ च्या राज्यघटनेचा दिवस, ११ नोव्हेंबर हा १९१८ साली परत मिळालेल्या स्वातंत्र्याचा. आणि १५ ऑगस्ट! त्या दिवशी मेरीमातेचा सण आणि १९२० साली वॉर्साच्या वेशीवर रशियनांना परतवल्याची आठवण, दोन्ही एकत्र येत.

ह्या वस्तीच्या सार्वजनिक आयुष्यातले खरे वर्ष म्हणजे १९४५. ते समजून घेताना मला एक गोष्ट फार बोचली. पोलंड अस्तित्वात नाही, असे पहिल्यांदा शत्रूने सांगितले होते. दुसऱ्यांदा जवळजवळ तेच मित्रांनी सांगितले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन बसले आणि पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली गेली. ल्वूव, विल्नो ही शहरे आणि भोवतालचा सारा मुलूख रशियाकडे गेला. पोलिश सरकारला कोणी विचारले नाही. आता वळिवड्यातली बहुतेक कुटुंबे होती ती नेमकी ह्याच मुलखातली. त्यांचे नवरे, भाऊ आंदेर्सच्या सैन्यात ब्रिटिशांच्या बाजूने इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या मठावर ज्यांनी झेंडा लावला, ते हेच सैनिक. मे महिन्यात जर्मनी शरण आला, जगभर विजयोत्सव झाले. वळिवड्यातल्या बाईने कशाचा उत्सव करायचा? युद्ध जिंकलेल्यांच्या बाजूला ती होती आणि तिचे गाव नकाशातून दुसऱ्या देशात गेले होते.

मग जुलै उजाडला. ५ जुलै रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातल्या, मॉस्कोच्या छायेखालील सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. गंमत पाहा, अगदी त्याच दिवशी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान चालू होते! हिंदुस्थान सरकार ब्रिटिशांच्याच हुकमतीखाली, त्यामुळे मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीच्या पायाखालची सतरंजीही ओढली गेली. काल ज्यांच्या सहीने कागद चालत होते, त्यांची सही आज निरुपयोगी ठरली. पुढे छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे गेला. तोवर जे नागरिक होते ते आता निर्वासित झाले.

पण शाळा चालू राहिल्या. हे मला, मास्तर असल्यामुळे असेल, सगळ्यांत मोठे वाटते. सरकार नाही, गाव नाही आणि मुलांना मात्र पोलंडचा इतिहास, भूगोल, कविता शिकवायच्या! भूगोलाच्या तासाला नकाशावर त्या शिक्षिका कोणती सीमा दाखवत असतील?

आणि मग राजकारण सुरू झाले ते प्रत्येक बराकीत: परत जायचे की नाही? ते मतपेटीचे राजकारण नव्हते. एका बाजूला पोलंडमध्ये मागे राहिलेली म्हातारी आई, दुसऱ्या बाजूला सैबेरियाची आठवण. १९ जानेवारी १९४७ रोजी पोलंडात निवडणूक झाली, तीही लबाडीची. काहीजण परत गेले. पुष्कळजण सैन्यातल्या नातेवाइकांच्या मागे इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांत पांगले. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला तेव्हाही वळिवड्यात पोलिश लोक होते. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. लंडनचे ते मान्यता नसलेले सरकार मात्र नेटाने चालत राहिले. २२ डिसेंबर १९९० रोजी त्याच्या शेवटच्या अध्यक्षांनी, काचोरोव्स्की यांनी, राष्ट्राध्यक्षपदाची चिन्हे वॉर्सात लेक वालेन्सा यांच्या हाती दिली. हे काचोरोव्स्कीसुद्धा तरुणपणी सैबेरियाची शिक्षा भोगून आंदेर्सच्या सैन्यात गेलेले.

यंदा उन्हाळ्यात एका कामासाठी कोल्हापूरला गेलो तेव्हा वाट वाकडी करून वळिवड्याला जाऊन आलो. छावणीच्या जागी आता गांधीनगर आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना तेथे वसवले आणि त्यांनी कापडाची केवढी तरी पेठ उभी केली. एका दुकानात पत्नीसाठी साडी घेतली. दुकानदार म्हणाला, ‘आमच्या आजोबांना बराक मिळाली होती, साहेब. त्याआधी गोरे लोक राहत, एवढंच ठाऊक.’ एका परागंदा लोकांची जागा दुसऱ्या परागंदा लोकांनी घेतली, तीही त्याच वर्षी. कोल्हापुरात पोलिश लोकांच्या कबरी आहेत, स्मृतिस्तंभ आहे. २०१९ साली तेव्हाची काही मुले, आता पार म्हातारी झालेली, इथे येऊन गेली. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टात आपल्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली, ती बातमी आपण वाचलीच असेल.

गावी परतल्यावर हे सारे आजीला सांगितले. आजी नव्वदीला टेकली आहे. तिचे माहेर हदगाव तालुक्यातले. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ च्या उन्हाळ्यात, ती बारा वर्षांची असताना घरच्यांबरोबर पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे पळाली होती. नदीपलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. तेथल्या छावणीतली पातळ आमटी ती अजून नावे ठेवून सांगते. दसऱ्यानंतर ते परतले. घराची कवाडे कोणी नेली होती, पण भिंती जागेवर होत्या.

दिवाळीच्या वाती वळता वळता तिने सगळे ऐकून घेतले. सैबेरिया, याल्टा तिला कितपत कळले कोण जाणे. मध्येच विचारले, ‘मंग त्या बाया गेल्या का घरी?’

मी सांगू लागलो, कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडातही...

‘गावाला नाही गेल्या म्हण की,’ आजी म्हणाली आणि तिने कापूस पुढे ओढला.