इंग्लंडची एफ. ए. चषक स्पर्धा

बाद पद्धतीने खेळविली जाणारी फुटबॉलची सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे इंग्लंडची एफ. ए. चषक स्पर्धा होय. फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स आल्कॉक यांनी १८७१ मध्ये तिची कल्पना मांडली. ते हॅरो येथील ज्या शाळेत शिकले, तेथील वसतिगृहांमध्ये असे सामने होत. हरेल तो बाद, हाच नियम त्यांनी देशातील क्लबांना लावला. पहिल्या वर्षी अवघ्या १५ क्लबांनी नावे नोंदविली. १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर वाँडरर्स संघाने रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरविले. विजेत्यांचे कर्णधार स्वतः आल्कॉकच होते, ही मौजेची बाब!

प्रारंभीची अकरा वर्षे हा चषक दक्षिणेकडील सुस्थित, हौशी मंडळींकडेच राहिला. १८८३ मध्ये लँकेशरच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक संघाने जादा वेळेत ओल्ड इटोनियन्सवर २-१ अशी मात केली. या संघात विणकर आणि लोखंडाच्या कारखान्यातील कामगार होते. कामगारवस्तीचा खेळ म्हणून फुटबॉलला प्रतिष्ठा मिळाली ती येथून.

आज सातशेहून अधिक क्लब या स्पर्धेत उतरतात. वरच्या दोन श्रेणींतील संघ तिसऱ्या फेरीत दाखल होतात. मात्र त्यानंतर कोणालाही मानांकन नसते. सोडतीत ज्याचे नाव आधी निघेल, त्याच्या मैदानावर सामना होतो. त्यामुळे नामांकित संघालाही एखाद्या लहानशा गावी, चिखलात खेळावे लागते. या स्पर्धेचे खरे आकर्षण आमच्या मते हेच आहे.

हेरफर्डचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये लीगबाहेरील या संघाने प्रथम श्रेणीतील न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर २-२ असे बरोबरीत रोखले. फेरलढत हेरफर्डला झाली. सामना संपत आला असता रॉनी रॅडफर्ड यांनी दुरून मारलेल्या चेंडूने बरोबरी साधली आणि जादा वेळेत रिकी जॉर्ज यांनी विजयी गोल केला.

२०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य फेऱ्यांतील फेरलढती रद्द झाल्या आहेत. मोठ्या संघांवर सामन्यांचा भार वाढला, हे त्याचे कारण. लहान क्लबांना हा निर्णय रुचला नाही, कारण तिकीटविक्रीच्या उत्पन्नात दोन्ही संघांचा वाटा असतो आणि एका फेरलढतीवर त्यांचा बराच खर्च भागत असे. हा नियम १९७२ मध्ये असता, तर तो सामना न्यूकॅसललाच निकालात निघाला असता.