गिटार इफेक्ट पेडलमधील गुणगुण

घरी जोडलेल्या गिटार इफेक्ट पेडलमधून वाद्याच्या सुरामागे सतत ऐकू येणाऱ्या अनाहूत आवाजास गुणगुण म्हणतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने साध्या अ‍ॅडॅप्टरमधून येणारी गुणगुण बहुधा १०० हर्ट्झची असते. ९ व्होल्टची बॅटरी जोडताच ती थांबल्यास दोष अ‍ॅडॅप्टरचा. पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर व त्यापुढे ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास ती पुष्कळ घटते. बॅटरीवरही ती टिकली, तर प्लॅस्टिकच्या डबीऐवजी धातूची डबी घेऊन ती ग्राउंडला जोडावी. गिटारची दिशा बदलताच आवाज कमी-जास्त झाल्यास तो पिकअपने बाहेरून ओढलेला असतो. अशा वेळी पेडलचे सुटे भाग बदलणे व्यर्थ होय. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढल्याने गुणगुण कधी कधी थांबते, परंतु तसे कदापि करू नये. आत बिघाड झाल्यास गिटारच्या तारांत वीज उतरून वादकाचा जीव जाऊ शकतो.