दोन बॅगा जोडल्या, पण शोध कुठे लागला?



आजचा विषय चाकांच्या बॅगांचा आहे. पण कोणती बॅग घ्यावी, हे मी सांगणार नाही. चाकांची एक बॅग दुसरीला जोडायची, दोन्ही एका हाताने ओढायच्या आणि या युक्तीचं पेटंट घ्यायचं, असा विचार घेऊन कुणी अर्ज केला तर पेटंट कार्यालयात त्याची परीक्षा कशी होते, ते आज बघू. मी पेटंटचे अर्ज लिहिण्याचं काम करतो, त्यामुळे ही परीक्षा अर्जदाराच्या बाजूने बघायची मला सवय आहे.

ही कल्पना सुचणं अगदी साहजिक आहे. गाडीचा फलाट ऐन वेळी बदलतो, एका हातात मुलाचं बोट, दुसऱ्या हातात एक बॅग, मग दुसरी बॅग कशाने ओढायची? असा प्रसंग इंदूरच्या माणसावर येतो, तसाच बंगळुरूच्या माणसावरही. मग डोक्यात येतं, ‘या दोन बॅगा एकमेकींना जोडता आल्या तर!’ इथपर्यंत बहुतेक सगळे पोचतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. जी गोष्ट बहुतेकांना सुचते, तिला कायदा शोध म्हणत नाही.

आधी थोडा इतिहास बघू, कारण परीक्षकसुद्धा आधी इतिहासच बघतो.

बॅगेला चाकं लावण्याची गोष्ट सांगताना अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांचं नाव हमखास येतं. त्यांनी १९७० मध्ये अर्ज केला आणि १९७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यांच्या बॅगेला खाली चार चाकं होती आणि ओढायला पट्टा. पुढे रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने बॅग उभी केली, तिला दोन चाकं आणि आत-बाहेर सरकणारा दांडा दिला. त्यांना १९९१ मध्ये पेटंट मिळालं. आज आपण विमानतळावर कलती करून ओढतो ती बॅग या वळणाची. गंमत म्हणजे प्लाथ यांच्या पेटंटच्या नावातच चाकांची सूटकेस आणि ‘सामानाचा आधार’ अशा दोन्ही गोष्टी आहेत. एका बॅगेच्या आधाराने दुसरं सामान न्यायचं, हा विचार तेव्हापासून कागदावर आहे.

दोन्ही पेटंटांची मुदत केव्हाच संपली. म्हणजे आज त्यातलं तंत्र कुणीही वापरू शकतो. पण त्याच तंत्रावर नवं पेटंट मात्र कुणालाच मिळणार नाही. मुदत संपलेलं पेटंट वापरायला मोकळं असतं, तरी ‘हे आधीच माहीत होतं’ असं सांगणारा साक्षीदार म्हणून ते कायम उभं राहतं.

आता एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, कायदा खरा आहे.

समजा, रायपूरमध्ये एक काका बॅगदुरुस्तीचं दुकान चालवतात. मोडलेले दांडे, झिजलेली चाकं, तुटलेल्या कड्या रोज त्यांच्या हाताखालून जातात. त्यांनी दोन बॅगा जोडण्याची एक कडी बनवली. अर्जात त्यांनी लिहिलं: ‘चाकं असलेली पहिली बॅग, चाकं असलेली दुसरी बॅग आणि त्या दोन्ही जोडण्याचं साधन.’

अर्जातल्या अशा वाक्याला क्लेम म्हणतात, मराठीत दावा. परीक्षेचा सगळा भार या वाक्यावर असतो. परीक्षकाच्या टेबलावर काकांची बॅग नसते. ती किती सुबक आहे, किती लोकांनी वाहवा केली, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तो दावा घेतो, त्याचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा जुन्या कागदांत शोधतो.

तो पहिला प्रश्न विचारतो नवेपणाचा. दाव्यातले सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात एकत्र सापडले, तर दावा तिथेच संपतो. जुना कागद भारतातलाच असला पाहिजे असं नाही. तो जपानचा, जर्मनीचा, चाळीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. काकांचं वाक्य इतकं मोकळं आहे की दोन बॅगा पट्ट्याने बांधलेलं एखादं जुनं चित्रसुद्धा त्यात बसतं. पट्टा हेही जोडण्याचं साधनच की!

लोकांना वाटतं, दावा जितका मोठा तितका चांगला, सगळेच त्यात अडकतील. पण मोठ्या जाळ्यात जुने कागदही अडकतात. परीक्षेत सगळ्यात आधी मोठा दावाच पडतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. समजा, एकाच कागदात सगळं सापडलं नाही. एका कागदात चाकांची बॅग आहे, दुसऱ्यात ढकलगाड्या जोडणारी कडी आहे. मग परीक्षक विचारतो, या धंद्यातल्या जाणकार कारागिराने हे दोन कागद शेजारी ठेवले असते, तर त्याला ही जोडणी सहज सुचली असती का? सुचली असती, तर त्यात शोधाची पायरी नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात या पायरीची व्याख्या कलम २ मध्ये आहे. माहीत असलेल्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही; आणि शिवाय ती गोष्ट जाणकाराला उघड दिसणारी नको. हे ‘शिवाय’ फार महत्त्वाचं आहे. बॅग बाजारात धडाक्याने खपेल, एवढं सांगून भागत नाही.

तिसरा अडसर कलम ३ (एफ) चा. माहीत असलेली साधनं नुसती मांडली, फिरवून मांडली किंवा एकाची दोन केली, आणि प्रत्येक साधन दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे आपलं नेहमीचंच काम करत राहिलं, तर कायदा त्याला शोध मानत नाही. दोन बॅगा शेजारी आल्या, ही बॅग हिच्या चाकांवर चालते, ती तिच्या चाकांवर. जोडल्यामुळे दोघींच्या कामात फरक काय पडला? परीक्षक नेमकं हेच विचारतो.

यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल आजही दाखवला जातो. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. प्रकरण धातूच्या भांड्यांचं होतं. यंत्रावर भांडं फिरवताना ते घट्ट धरून ठेवण्याची एक योजना होती, तिचं पेटंट मिळालेलं होतं. काम सोपं, जलद आणि सुरक्षित होतं, असं पेटंट घेणाऱ्यांचं म्हणणं होतं. पण अशा तऱ्हेने वस्तू धरण्याची पद्धत कारागिरांना आधीच ठाऊक होती. ही कारखान्यातली सुधारणा झाली, शोध नव्हे, आणि दोन-चार गोष्टी नुसत्या एकत्र आणण्यात शोधबुद्धी लागत नसेल तर पेटंट नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पेटंट टिकलं नाही.

मग काकांचं काय? त्यांच्याकडे खरंच काही नाही का?

इथे मी अर्ज बाजूला ठेवून त्यांच्याशी गप्पा मारीन. ‘काका, तुमच्याकडे दुरुस्तीला काय येतं?’ ते सांगतील, ‘अहो, लोक दुसरी बॅग पहिलीच्या दांड्याला अडकवतात. सगळं वजन दांड्यावर येतं आणि दांडा वाकतो. म्हणून मी कडी खाली, चाकांच्या आसापाशी बसवली. उतारावर दोन्ही बॅगांचा कोन बदलतो, तिथे सांधा पिळून तुटायचा, म्हणून त्याला वर-खाली झुलायला जागा ठेवली. आणि पुढची बॅग ओढायला कलती केली की कडी आपोआप अडकते, उभी केली की सुटते. वाकून बटण दाबायला नको.’

मंडळी, शोध असलाच तर इथे आहे! बॅग कलती करणं ही रोजची क्रिया आता कुलपाचं काम करते आहे. पुढच्या बॅगेच्या हालचालीमुळे मागच्या बॅगेची कडी उघडते किंवा बंद होते. दोन साधनं आता स्वतंत्र राहिली नाहीत, त्यांच्या एकत्र येण्यातून तिसरंच काम होतं आहे. हे आधी कुणी केलेलं नसेल, तर परीक्षकाशी बोलायला काकांजवळ खरा मुद्दा आहे. तरी अर्जात त्यांनी यातलं काही लिहिलं नाही, कारण त्यांच्या मते मोठी कल्पना ‘दोन बॅगा जोडणं’ ही होती आणि कडी कुठे बसवली ही किरकोळ बाब. परीक्षेत नेमकं उलट असतं.

हे नंतर अर्जात घालता येणार नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही. कलम ५९ प्रमाणे अर्जात दुरुस्ती करता येते, दावा आकसता येतो, पण मूळ वर्णनात जे नव्हतं ते नव्याने घुसवता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून वर्णन सढळ हाताने लिहायचं. कडी कुठे, का तिथे, कोन बदलला की काय होतं, दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने हेच साधता येईल, सगळं चित्रांसकट. दावे मात्र पायरीपायरीने उतरते लिहायचे. वरचा पडला तरी खालचा उभा राहतो.

आता वाट कशी असते ते थोडक्यात सांगतो. पेटंट कार्यालयं चार: कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मुंबईकडे येतात, म्हणून रायपूरच्या काकांचा अर्ज मुंबईला. हैदराबाद किंवा बंगळुरूच्या माणसाचा चेन्नईला. अर्ज ऑनलाइन करता येतो. भाषा हिंदी किंवा इंग्रजी. विचार मराठीत करा, आधी मराठीत लिहून काढा, पण दाखल होणारा कागद या दोनपैकी एका भाषेत लागतो.

एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचं ४००० रुपये. पानं ३० पेक्षा किंवा दावे १० पेक्षा जास्त झाले तर वाढीव पैसे पडतात. अर्ज लिहून घेण्याचा खर्च वेगळा, आणि तो बहुधा शुल्काहून मोठा असतो. परीक्षण आपोआप होत नाही, त्याची विनंती करावी लागते. २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणे त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. अर्जदारांत एखादी स्त्री असेल, किंवा अर्जदार नोंदलेला स्टार्टअप असेल, तर लवकर परीक्षण मागता येतं.

परीक्षकाचा पहिला अहवाल आला आणि त्यात दहा आक्षेप दिसले, की लोकांचा धीर सुटतो. तो नकार नसतो. पहिल्या अहवालात आक्षेप असणं ही नेहमीची गोष्ट आहे. उत्तर देऊन अर्ज मार्गी लावायला सहा महिने मिळतात, मागितल्यास आणखी तीन. उत्तरात भांडायचं नाही. परीक्षकाने दाखवलेला कागद आणि आपली कडी यांत फरक काय, आणि त्या फरकामुळे काम कसं बदलतं, एवढंच सांगायचं. तरी आक्षेप राहिले तर सुनावणी मागता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क. नाकारलं गेलं तर काकांची युक्ती जगासमोर उघडी पडलेली आणि हातात काही नाही. म्हणून ‘बघू टाकून एक अर्ज’ हा विचार घातक आहे.

तितकाच घातक आणखी एक मोह. बॅग तयार झाली की हौसेने व्हिडिओ करून टाकणं. ज्या माध्यमावर मी तुमच्याशी बोलतो, त्याच्याबद्दलच हे सांगतो आहे. अर्जाआधी टाकलेला तुमचा स्वतःचा व्हिडिओही परीक्षक तुमच्याविरुद्ध दाखवू शकतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या सवलती कायद्यात आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. घाई असेल तर प्राथमिक अर्ज करून तारीख पक्की करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

बॅगेचं रूप वेगळं असेल, जोडल्यावर दिसणारी रेषा, आकार, नक्षी, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता येते. ती १० वर्षं चालते आणि आणखी ५ वाढते. पण तिथे दिसणं सांभाळलं जातं, चालणं नाही. कडी कशी अडकते याचं रक्षण त्यात होत नाही.

शेवटी एक काम सांगतो, त्याला पैसा लागत नाही. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गूगल पेटंट्सवर जुने कागद फुकट शोधता येतात. दोन संध्याकाळी त्यात घाला. मग एका कागदावर हे वाक्य पूर्ण करा: ‘आतापर्यंतच्या जोडबॅगांत अमुक अडचण येत होती, माझ्या अमुक भागामुळे ती अमुक तऱ्हेने दूर होते, आणि तो भाग मला सापडलेल्या कागदांत नाही.’

वाक्य पूर्ण झालं, तर पेटंटवाल्याकडे जाताना हाच कागद घेऊन जा. नाही झालं, तर पेटंटचा खर्च वाचला असं समजा. बॅग विकायला पेटंट लागत नाही. दुसऱ्या कुणाचं चालू पेटंट आड येत नाही ना, एवढं तपासा आणि खुशाल धंदा करा.